कूर्चेच्या आतला श्वास

१९५५ ते १९६३ या काळात बड्या देशांनी उघड्या हवेत इतके अणुस्फोट केले की वातावरणातल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. असे स्फोट थांबवणाऱ्या १९६३ च्या करारानंतर ते वर्षागणिक उतरत गेले. हा कार्बन पिकांत शिरला, पिकांतून जेवणात आला आणि जेवणातून माणसांच्या अंगात. त्यामुळे शरीरातला एखादा टिकाऊ रेणू साधारण कोणत्या काळात घडला, हे आज त्यातल्या कार्बनवरून सांगता येते. कोपनहेगनच्या काही संशोधकांनी ही मोजणी माणसाच्या गुडघ्यातल्या कूर्चेवर केली. नमुने १९३५ ते १९९७ दरम्यान जन्मलेल्या माणसांचे होते. काही निरोगी गुडघ्यांतले, काही ऑस्टिओआर्थ्रायटिसने, म्हणजे सांध्यातली कूर्चा बिघडत जाण्याच्या आजाराने, खराब झालेले. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. कूर्चेतले कोलॅजन हे तंतुमय प्रथिन वाढीच्या वयात तयार होते आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. आजारी गुडघ्यांतही नव्या कोलॅजनचा मागमूस नव्हता.

सत्तरीतल्या आजी आज ज्या कूर्चेच्या भरवशावर जिना चढतात, तिचे तंतू त्या शाळेत जात होत्या तेव्हाचे आहेत.

कूर्चा एकदा बिघडली की भरून येत नाही, हे वैद्यांना पूर्वापार ठाऊक होते. विल्यम हंटर या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञाने १७४३ मध्ये, ऐन पंचविशीत, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर जो निबंध मांडला, त्यातही हे आहे. यातूनच पुढे एक समज घट्ट झाला: जी वस्तू भरून येत नाही ती वापरली की झिजणारच. दवाखान्यात एक्स-रे उजेडासमोर धरला जातो, मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामधली फट अरुंद दिसते आणि ‘काकू, गुडघ्यातलं वंगण संपलंय, हाडावर हाड घासतंय’ हे वाक्य कानावर पडते. बाहेर रांग असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, हेतू चांगलाच असतो. पण त्या एका वाक्याच्या धास्तीने काकू चालणे सोडतात, आणि तिथून त्यांच्या गुडघ्याची घसरण आणखी वेगाने सुरू होते. म्हणूनच कूर्चेच्या आत राहणाऱ्या पेशीची ओळख मला नीट, सवडीने करून द्यायची आहे.

झिजेचा हिशेब जुळत नाही, हे दाखवणाऱ्या गोष्टी डोळ्यांसमोरच आहेत. वजन जास्त असलेल्या माणसांचे गुडघे लवकर बिघडतात, हे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्या हाताच्या बोटांच्या सांध्यांतही हा आजार जास्त आढळतो, आणि बोटांवर तर कोणी चालत नाही. हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे आणि खुबे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त खराब असायला हवेत. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हौशी धावपटूंत ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण ३.५ टक्के निघाले आणि बैठे आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के. स्पर्धेच्या पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होते. कमी वापरही वाईट, अती वापरही वाईट आणि मधला वापर चांगला, असे निर्जीव रबराच्या तुकड्याच्या बाबतीत घडत नाही. तिथे कोणीतरी जिवंत आहे.

आजार किती पसरलेला आहे ते सांगून पुढे जातो. जगभरात २०२० साली सुमारे ५९.५ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. त्या गावातही गुडघेदुखी वरच्या तक्रारींपैकी होती. शहरी, बैठ्या, आरामात जगणाऱ्यांचाच हा आजार आहे, असे मानायला जागा उरत नाही.

आता कूर्चा जवळून पाहू. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत हाडांची टोके करवतीने कापून काढतात. त्या कापलेल्या तुकड्यावर सगळा आजार एका नजरेत दिसतो. कडेला, जिथे भार कमी पडत होता तिथे, कूर्चा अजून पांढरी, गुळगुळीत, ओलसर, किंचित निळसर झाक असलेली असते. मध्याकडे सरकले की ती पिवळट होते, तिच्यावर बारीक तंतू सुटलेले दिसतात, मग भेगा, आणि अगदी मध्यावर नुसते हाड, हस्तिदंतासारखे चकाकणारे. एकाच माणसाच्या एकाच हाडावर निरोगी आणि आजारी कूर्चा शेजारी शेजारी नांदत असतात, म्हणून प्रयोगशाळांना हा तुकडा फार मोलाचा. दोन्ही भागांतल्या पेशी काढून त्यांची तुलना करता येते.

गुडघ्यातली कूर्चा बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर जाड असते. तिच्या वजनात सर्वाधिक वाटा पाण्याचा. ते पाणी धरून ठेवतात ॲग्रिकनचे प्रचंड रेणू, आणि ॲग्रिकनला जागेवर बांधून ठेवते कोलॅजनचे जाळे. पेशी अगदी थोड्या, एकंदर आकारमानाच्या काही टक्केच. या पेशींना कॉन्ड्रोसाइट म्हणतात. प्रत्येक जणी आपापल्या कप्प्यात एकटी. तिथे रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. म्हणूनच कूर्चा बिघडायला लागली तरी वर्षानुवर्षे दुखत नाही. दुखते ते भोवतालचे आवरण आणि खालचे हाड. पेशीला अन्न मिळते ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा दबते आणि पाणी बाहेर जाते, पाऊल उचलले की पाणी आत येते. या ये-जा करणाऱ्या पाण्याबरोबर ग्लुकोज आणि ऑक्सिजन आत पोचतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. कूर्चेच्या वरच्या थरात तो पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि खोल थरात एक-दोन टक्क्यांवर येतो.

इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये जगणारी पेशी आपली बहुतेक ऊर्जा ग्लुकोज ऑक्सिजनविना फोडून मिळवते. त्यामुळे बराच काळ अभ्यासकांनी तिच्यातल्या तंतुकणिकांकडे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाकडे, फारसे लक्ष दिले नाही. तंतुकणिका ऑक्सिजन वापरतात, इथे ऑक्सिजनच नाही, मग त्यांचे महत्त्व ते काय? या शतकाच्या सुरुवातीला ही समजूत मोडायला लागली. सॅन डिएगोचे रॉबर्ट टर्केलटॉब आणि स्पेनमधल्या ला कोरुन्याचे फ्रान्सिस्को ब्लँको ही त्यातली ठळक नावे. ब्लँको यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले की आजारी कूर्चेतल्या पेशींमध्ये तंतुकणिकांच्या श्वसनसाखळीतले दुसरे आणि तिसरे संकुल मंदावलेले असते.

श्वसनसाखळी म्हणजे काय, ते सांगतो. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात प्रथिनांची चार मोठी संकुले बसवलेली असतात. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन पहिल्या किंवा दुसऱ्या संकुलात शिरतात आणि पुढे सरकत शेवटी चौथ्यापाशी ऑक्सिजनला मिळून त्याचे पाणी होते. या प्रवासात प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि तिकडे साठतात. मग ते एका फिरत्या प्रथिनातून परत आत येतात, जसे कोयनेचे पाणी जनित्राच्या पात्यांवरून खाली उतरते, आणि त्या फिरण्यातून एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलन तयार होते. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली. आधी तिला कडाडून विरोध झाला, १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळाले.

या वाटेत, मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या संकुलापाशी, काही इलेक्ट्रॉन निसटतात आणि ठरलेल्या जागेच्या आधीच ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड बनते. निरोगी पेशीतही हे सतत घडते आणि त्याचा बंदोबस्तही तिथेच असतो. ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एन्झाइम ओळखले. ते सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, आणि पुढची एन्झाइमे पेरॉक्साइडचे पाणी करून टाकतात. तंतुकणिकेच्या आत काम करणाऱ्या प्रकाराला एसओडी-२ म्हणतात. निर्मिती वाढली किंवा बंदोबस्त कमी पडला की तोल ढळतो, आणि त्यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण हे नाव आहे.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये दोन्ही घडते. आजारी कूर्चेत एसओडी-२ कमी सापडते, हे वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे पाहिले आहे. ही कमतरता आजारामुळे आली की तिच्यामुळे आजार आला, हा प्रश्न रास्त आहे. जपानी संशोधकांनी त्यासाठी उंदरांच्या फक्त कूर्चापेशींतून एसओडी-२ चे जनुक काढून टाकले. त्या उंदरांच्या कूर्चा लवकर खराब झाल्या. २०१५ चे हे काम मला निर्णायक वाटते, कारण त्याच अभ्यासात असेही दिसले की कूर्चेवर जास्त भार टाकला की तंतुकणिकांतले सुपरऑक्साइड वाढते आणि एसओडी-२ घटते. बाहेरचा भार आणि पेशीच्या आतले रसायन यांचा दुवा तिथे सापडतो.

मग पेशी बदलते. एटीपी कमी पडू लागते. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला मिळून पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल रसायन बनते. खुद्द नायट्रिक ऑक्साइड चौथे संकुल अडवते, म्हणजे श्वसनसाखळी आणखी तुंबते आणि गळती आणखी वाढते. कूर्चा जपण्याचा संदेश देणाऱ्या वाढघटकांना पेशी दाद देईनाशी होते. एरवी ॲग्रिकन विणणारी तीच पेशी आता ते तोडणारी एन्झाइमे सोडते: ॲग्रिकनसाठी ॲडॅम्ट्स-५, कोलॅजनसाठी एमएमपी-१३. ॲग्रिकन गेले की पाणी धरून ठेवायला काही उरत नाही, कूर्चा मऊ पडते, आणि त्याच पावलाचा तोच भार आता पेशीला जास्त चेपतो. कोलॅजन गेले की परतीची वाट बंद. कोपनहेगनच्या मोजणीचा अर्थ इथे कळतो. कूर्चा तुटते ती मोठ्या प्रमाणात तिच्याच रहिवाशाच्या हातून, आणि तो रहिवासी ऊर्जेच्या टंचाईत सापडलेला असतो.

बिघडलेल्या तंतुकणिका मोडीत काढण्याची सोयही पेशीत असते. वयाबरोबर आणि आजारात ती मंदावते. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी २०१० साली दाखवले की हे काम करणारी प्रथिने आजारी कूर्चेत घटलेली असतात. प्रौढ वयातली कूर्चापेशी क्वचितच विभागते, त्यामुळे खराब तंतुकणिका नव्या पेशींत वाटल्या जाऊन विरळ होण्याचा मार्गही तिला नाही. तंतुकणिकांना स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. गळतीच्या अगदी शेजारी असल्याने त्याला इजा पोचते, आणि आजारी पेशींत ती दुरुस्त करण्याची ताकदही कमी भरते. ब्लँको यांच्याच गटाला स्पॅनिश लोकांत असे दिसले की या डीएनएचा ‘जे’ नावाचा वंशगट असलेल्यांना गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस कमी होतो. भारतात मात्र ‘एम’ गटाच्या शाखा सर्वाधिक आहेत, तेव्हा स्पेनचा निष्कर्ष उचलून इथे लावता येत नाही. इथल्या लोकांत हा अभ्यास मोठ्या प्रमाणावर व्हायला हवा.

इथपर्यंत वाचल्यावर कोणालाही वाटेल की मग उपाय सरळ आहे: अँटिऑक्सिडंट खा. जाहिराती तेच सांगतात, औषधाच्या दुकानात बाटल्यांची रांग असते. या वाटेने विज्ञान आधीच जाऊन आले आहे. मॅककॉर्ड यांनी १९७४ मध्ये दाखवले की सांध्यातल्या द्रवाला दाटपणा देणारा हायलुरोनेटचा लांब रेणू सुपरऑक्साइडमुळे तुटतो आणि डिस्म्युटेज घातले की वाचतो. लोक ज्याला गुडघ्यातले वंगण म्हणतात ते पातळ कसे होते, त्याचा हा रासायनिक पुरावा. त्यानंतर गुरांच्या यकृतातून काढलेले हे एन्झाइम माणसांच्या गुडघ्यांत टोचूनही पाहिले गेले. पण ते परके प्रथिन, त्याच्या ॲलर्जीची भीती होती, आणि हा उपचार टिकला नाही.

जीवनसत्त्वांचे काय? मेलबर्नमध्ये गुडघ्याच्या रुग्णांना दोन वर्षे रोज ५०० युनिट ई जीवनसत्त्व देऊन पाहिले. खोटी गोळी घेणाऱ्यांची कूर्चा जितकी कमी झाली, तितकीच ई घेणाऱ्यांचीही झाली. हा निकाल २००२ चा. दोन वर्षांनी ड्यूक विद्यापीठातून सी जीवनसत्त्वावरचे काम आले. गिनीपिगला आपल्यासारखेच सी जीवनसत्त्व अन्नातून घ्यावे लागते आणि त्यांच्या एका जातीचे गुडघे वयाबरोबर आपोआप बिघडतात, म्हणून ते निवडले होते. ज्यांना सर्वात जास्त सी जीवनसत्त्व दिले, त्यांचेच गुडघे जास्त खराब निघाले. आवळा आणि लिंबू सोडा, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण सांध्यांसाठी म्हणून मोठ्या डोसच्या गोळ्यांवर दरमहा पैसे घालवणाऱ्या माणसाला मी हे दोन निकाल आवर्जून सांगेन.

असे का व्हावे, याचा एक चांगला सुगावा आयोवा विद्यापीठातून मिळाला. जेम्स मार्टिन आणि जोसेफ बकवॉल्टर यांच्या गटाने कूर्चेच्या जिवंत तुकड्यांत तंतुकणिकांची ऑक्सिडंट निर्मिती दाबून पाहिली, तेव्हा ग्लुकोज फोडण्याचे कामच मंदावले. कूर्चापेशी आपली बहुतेक ऊर्जा ज्या मार्गाने मिळवते, तो मार्ग चालू राहायला थोडे ऑक्सिडंट लागतात. एवढ्याने गोळ्यांच्या अपयशाचा सगळा उलगडा होतो असे नाही, पण सुपरऑक्साइडला निव्वळ शत्रू मानणे चूक होते हे नक्की. कूर्चेच्या तुकड्यावर बेताचा, लयीत भार दिला की एटीपी वाढते, आणि ही वाढही तंतुकणिकांच्या ऑक्सिडंटवाचून होत नाही.

इथे काकूंच्या चालण्याचा संबंध येतो. पाऊल पडते, कूर्चा दबते, पेशी किंचित चपटी होते, तंतुकणिकेला इशारा मिळतो, ऊर्जा तयार होते, ॲग्रिकन विणले जाते. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय लुळे पडतात, त्यांच्या गुडघ्यांवर भारच येत नाही. झिजेच्या हिशेबाने त्यांची कूर्चा शाबूत राहायला हवी. प्रत्यक्षात एमआरआयवर ती पातळ होत गेलेली दिसते. म्हणून गुडघा दुखायला लागलेल्या माणसाला सांगायचे ते असे: सपाट रस्त्यावर रोज चाला, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, वजन जास्त असेल तर उतरवा. एक किलो वजन उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे प्रत्यक्ष मोजलेले आहे. शिवाय चरबीतून रक्तात उतरणारी दाह वाढवणारी रसायनेही कमी होतात, आणि बोटांच्या सांध्यांचे कोडे तिथेच कुठेतरी सुटते.

बेताच्या भाराचे हे झाले. अपघातात एका क्षणात बसणारा दणका पेशीला वेगळ्याच रीतीने लागतो, आणि तंतुकणिकांचे काम तिथे सर्वात स्पष्ट दिसते. आयोवात गायीगुरांच्या सांध्यातला हाडासकट कूर्चेचा ताजा तुकडा घेऊन त्यावर ठरावीक उंचीवरून वजन सोडतात. मग पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात: जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल. दणक्याच्या जागी लाल ठिपक्यांचा डाग उमटतो. पण त्यातल्या सगळ्याच पेशी दणक्याने चिरडून मेलेल्या नसतात. बऱ्याच जणी पुढच्या काही तासांत मरतात, आणि मरण्याआधी त्यांच्यात ऑक्सिडंटचा लोंढा येऊन गेलेला असतो. पेशीच्या आत प्रथिनांच्या दोऱ्यांचा सांगाडा असतो आणि तंतुकणिका त्याला जोडलेल्या असतात. कूर्चा चेपली की पेशी चेपते, दोऱ्या ताणल्या जातात, आणि तो ताण थेट तंतुकणिकेपर्यंत पोचतो. संशोधकांनी आधी या दोऱ्या विरघळवल्या आणि मग दणका दिला, तेव्हा लोंढा आलाच नाही, पेशीही वाचल्या.

याहून नवलाचा प्रयोग २०१० चा. रोटेनोन हे कीटकनाशक श्वसनसाखळीचे पहिले संकुल बंद पाडते. सजीवासाठी ते विषच. पण दणका बसलेल्या कूर्चेला ते दिले तेव्हा पेशी मरायच्या थांबल्या. इलेक्ट्रॉन आत शिरलेच नाहीत, तर निसटणार कुठून? कूर्चापेशी काही काळ नुसत्या ग्लुकोजवर तग धरू शकते, ही तिची खासियत इथे कामी आली. मेंदूच्या पेशीला हे जमले नसते.

रोटेनोन माणसाला देता येत नाही. म्हणून त्याच गटाने अमोबार्बिटाल घेतले. हे जुन्या काळचे झोपेचे औषध, आणि ते तेच संकुल थोडा वेळ अडवून पुन्हा सोडते. डुकरांच्या मागच्या पायाच्या घोट्यात सांध्याच्या आत जाणारे फ्रॅक्चर करून, हाड शस्त्रक्रियेने जुळवून, काहींना त्याच वेळी आणि आठवड्याने पुन्हा हे औषध सांध्यात दिले. दुसऱ्या गटाला एन-ॲसिटिलसिस्टीन दिले. पॅरासिटामॉलची विषबाधा झाल्यावर देतात तेच हे औषध, आणि पेशीची स्वतःची अँटिऑक्सिडंट ताकद ते वाढवते. निकाल २०१८ साली आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या कूर्चा बऱ्याच अंशी वाचलेल्या होत्या. नुसती शस्त्रक्रिया केलेल्या जनावरांना ऑस्टिओआर्थ्रायटिस झाला होता. ई जीवनसत्त्वाच्या गोळीला दोन वर्षांत जे जमले नाही, ते या औषधांनी केले, कारण ती नेमक्या जागी आणि गळती सुरू होण्याच्या वेळी पोचली.

आपल्या अपघात विभागात दुचाकीवरून पडलेला तरुण येतो, नडगीच्या हाडाचे वरचे टोक फुटलेले असते, भेग थेट गुडघ्याच्या पृष्ठभागात गेलेली असते. अशा वेळी सूज उतरेपर्यंत सर्जन अनेकदा काही दिवस थांबतात आणि मग प्लेट बसवतात. ते थांबणे त्वचेसाठी आणि जखम भरण्यासाठी आवश्यकच आहे. पेशींचे बरेचसे मरण मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत उरकते. डुकरांना औषध शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळाले, कारण दुखापत आणि शस्त्रक्रिया यांत अंतरच नव्हते. माणसात हा उपचार आणायचा तर सुई शस्त्रक्रियेच्या आधी, अपघात विभागातच, गुडघ्यातले साकळलेले रक्त काढून घेताना द्यावी लागेल.